‘तप्पायितु, यव्वा’ म्हणणाऱ्या आईला काय उत्तर देऊ?

वाचक ताईंचं पत्र:

बाई, नमस्कार. मी नंदगडजवळच्या एका खेड्यातली. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होते. गेल्या पौषात दुसरी पाळी संपवून हे आणि माझे दीर रात्री गाडीवरून घरी येत होते. वाटेत उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन दगड लावलेले नाहीत की झाडाची फांदी टाकलेली नाही. हे जागेवरच गेले. मागे बसलेले दीर वाचले, त्यांचा पाय मोडला. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा २३ वर्षांचा, कित्तूरकडचा, कन्नड बोलणारा. लगेच जामिनावर सुटला. आता खानापूर कोर्टात केस उभी राहणार.

ट्रॅक्टरच्या मालकानं माणसं पाठवलीत, चार लाख देतो म्हणतो. बदल्यात दिरांनी कोर्टात एवढंच सांगायचं की अंधारात काही कळलं नाही, गाडीच जोरात होती. गावातली वडीलधारी म्हणतात, घे, पोरांची शिक्षणं होतील. तरणी पोरं म्हणतात, त्यांच्या पोरानं आमचा माणूस मारला, आम्हीच बघून घेतो.

परवा त्या पोराची आई आली. माझे पाय धरले. तिला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. ‘तप्पायितु, यव्वा, तप्पायितु’ एवढंच परत परत म्हणत होती. चूक झाली म्हणत होती, तेवढं मला कळलं. त्या रात्रीपासून झोप नाही. त्याला आत घालून आमचे हे परत येणार आहेत काय? आणि सोडून दिला तर यांच्या जिवाला काही मोलच नव्हतं असं होतंय. माझा चौदा वर्षांचा मुलगा विचारतो, त्याला फाशी देणार काय. शिक्षा असते तरी कशाला ओ बाई?

उत्तर:

ताई,

पत्र वाचलं आणि दोन दिवस उशाशी ठेवलं. लगेच लिहायला बसले असते तर उत्तर वकिलाचं झालं असतं. तीस वर्षं बेळगाव-खानापूरच्या कोर्टांत गेली, त्यामुळे कुणी काही विचारलं की आधी कलम आठवतं. तुमचा प्रश्न कलमाच्या अलीकडचा आहे. तो तसाच ठेवून कलमं सांगत बसणं बरोबर नाही.

एक जुनी गोष्ट सांगते. एका म्हाताऱ्याचा तरुण मुलगा ट्रकखाली सापडून गेला होता. मी त्या ट्रकचालकाची वकील होते, मुलाच्या बाजूची नव्हे. म्हातारा प्रत्येक तारखेला यायचा. टोपी हातात धरून कोर्टाच्या मागच्या बाकावर बसायचा, कामकाज कन्नडात चालायचं, त्यातलं अक्षरही कळायचं नाही, तरी यायचा. निकालाच्या दिवशी चालकाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देणार, कारण शिक्षा कमी व्हावी म्हणून मीच भांडले होते. बाहेर पायरीवर त्यानं मला थांबवलं आणि विचारलं, ‘‘बाई, सायेब काय म्हणाले?’’ मी म्हटलं, ‘‘सहा महिने.’’ तो म्हणाला, ‘‘ते नव्हे. चूक कुणाची म्हणाले?’’ मी सांगितलं, ‘‘ड्रायव्हरची. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती, असं लिहिलंय.’’ तो त्याच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. महिन्यांबद्दल त्यानं पुन्हा एक शब्द विचारला नाही.

शिक्षा कशासाठी असते, याचं उत्तर मला पुस्तकांत सापडलं नव्हतं ते त्या पायरीवर मिळालं. एखाद्याचा जीव कुणाच्या तरी हयगयीनं जातो, तेव्हा त्याच्या माणसांचं दुहेरी नुकसान होतं. माणूस जातो. शिवाय लोक म्हणायला लागतात की नशीब, वेळ आली होती, गाडी जोरात असेल, हेल्मेट नसेल, पिऊन असेल. जाणाऱ्यावरच दोष येतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. तेव्हा सगळ्या समाजाच्या वतीनं कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं की हे घडायला नको होतं आणि ते अमक्याच्या हातून घडलं. कोर्टाच्या निकालाचं पहिलं काम हे. किती वर्षं, किती दंड, हे त्याच्या मागून येतं.

आता त्या चार लाखांकडे बघू. ताई, पैसे घ्यावेसे वाटले म्हणून मी तुम्हाला कमी लेखणार नाही. दोन मुलांचं घर कसं चालतं हे मला माहीत आहे. पण तो मालक काय विकत घेतोय ते नीट पाहा. त्याला तुमच्या दुःखाची भरपाई करायची असती तर त्यानं काही अट घातली नसती. त्याला हवं आहे दिरांचं एक वाक्य, ‘गाडीच जोरात होती’ हे. ते वाक्य कोर्टाच्या कागदावर एकदा उमटलं की तुमच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दोष कायमचा तुमच्या नवऱ्यावर. उद्या तुमचा मुलगा मोठा होऊन ते कागद वाचेल, तेव्हा त्यात सख्ख्या काकाच्या तोंडून बापाची चूक लिहिलेली असेल. चार लाखांची ही खरी किंमत आहे.

शिवाय त्यात दिरांनाच मोठा धोका आहे. कोर्टात शपथेवर खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही गोष्ट ती माणसं तुम्हाला सांगायची नाहीत. आणखी एक. निष्काळजीपणानं मृत्यू घडवणं हा गुन्हा तुम्ही आणि मालकानं आपसात बसून मिटवण्यातला नाही. भांडण-शिवीगाळीसारखे काही गुन्हे कायद्यानं तडजोडीला मोकळे ठेवलेत, हा त्यात नाही. म्हणून तर ती माणसं साक्षीदार फोडायला आलीत. सरळ रस्ता असता तर आडवाटेनं कशाला आली असती?

पैशाचा हक्काचा रस्ता वेगळा आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा घालायचा. वय, पगार, मागे किती माणसं आहेत, यावर हिशोब होतो, आणि विमा असेल तर पैसे कंपनी देते. त्या दाव्याला फौजदारी केसचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. त्या पोराला शिक्षा झाली नाही तरी दावा पडतो असंही नाही, कारण तिथं पुराव्याची पट्टी इतकी कडक नसते. हेल्मेटचा मुद्दा ते काढतील. त्यानं भरपाईच्या आकड्यावर वाद होऊ शकतो, पण त्या ट्रॉलीमागचा अंधार त्यानं पुसला जात नाही. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायची मुदत कायद्यात आहे. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत. केला नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करा.

पैसे दिले की शिक्षा नको, हा विचार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. पंजाबातल्या एका अपघातात दोन जीव गेले. खालच्या कोर्टानं एक वर्षाची शिक्षा दिली होती. चालकानं ८५,००० रुपये भरपाई दिली म्हणून उच्च न्यायालयानं ती त्यानं आधीच भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते अमान्य केलं आणि सहा महिने ठरवले. पैसे मोजून गुन्हा धुऊन निघतो असं लोकांना वाटू लागलं, तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला रस्त्यावर कुणाचीच पर्वा राहणार नाही, ही त्यामागची काळजी. मला ती पटते.

जामिनाचं तुम्हाला लागलं, तेही समजतं. एवढंच लक्षात घ्या की जामीन म्हणजे सुटका नव्हे. या गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. निकाल पुढं आहे.

गावातल्या तरण्या पोरांना मात्र आजच घरी बोलवा. दिरांना पुढं करू नका, तुम्ही स्वतः बोला. तुमचं ते ऐकतील. त्यांचा राग खरा आहे, हे आधी मान्य करा. मग त्यांना वंटमुरीची आठवण द्या. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याच बेळगाव तालुक्यात, होसवंटमुरीत, एका मुलानं मुलगी पळवून नेली म्हणून मुलीकडच्यांनी त्या मुलाच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं होतं. गाव बघत होतं. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, निपाणीत जन्मलेले. नुसते बघत उभे राहिलेल्यांची जबाबदारी काय, असा प्रश्न न्यायालयानं विचारला होता. जमाव शिक्षा द्यायला निघाला की ती कुठं जाऊन थांबते, ते आपल्या जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं. चूक मुलाची म्हणत निघाले आणि पोचले आईपर्यंत. तुमची पोरं आज म्हणतात ‘आम्हीच बघून घेतो’. ती त्या पोराला शोधत जातील आणि दारात सापडेल ती त्याची आई, जिनं परवा तुमचे पाय धरले.

‘त्यांच्या पोरानं आमचा माणूस’ यातला ‘त्यांच्या’ आणि ‘आमचा’ मला फार बोचतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला या शब्दांचं वजन मी सांगायला नको. मराठीसाठी मीही रस्त्यावर उतरले आहे, अजूनही उतरेन. पण ट्रॉलीमागे दिवा न लावण्याला भाषा नसते. उद्या आपल्या मराठी पोराच्या ट्रॉलीवर कित्तूरकडचा कुणी आदळून गेला, तर आपण काय म्हणणार आहोत?

आता दहशतीबद्दल. तुमची वडीलधारी म्हणत असतील तसं मीही एके काळी म्हणायची, की कडक शिक्षा झाली की दुसरे सरळ होतात. या गुन्ह्याला जुन्या दंडसंहितेत जास्तीत जास्त २ वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती ५ वर्षं झाली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंतची तरतूदही लिहिली होती. तिच्यावरून २०२४ च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी देशभर गाड्या उभ्या केल्या आणि ती तेवढी बाजूला ठेवली गेली. आकड्यांवर एवढं रामायण झालं. पण हंगामात रात्री नंदगड रस्त्यावर उभं राहून मोजा, किती ट्रॉल्यांच्या मागे लाल दिवा पेटलेला दिसतो. २ ची ५ वर्षं झालीत हे त्यातल्या किती चालकांना ठाऊक असेल?

चेझारे बेक्कारिया नावाच्या इटलीतल्या विचारवंतानं १७६४ साली सांगून ठेवलंय की गुन्हा थांबतो तो शिक्षा किती भयंकर आहे यानं थांबत नाही, ती चुकणार नाही या खात्रीनं थांबतो. आपल्या रस्त्यावर हे किती खरं आहे बघा. रिफ्लेक्टर नसलेली प्रत्येक ट्रॉली फॅक्टरीच्या गेटावरून परत पाठवली, रोज, न चुकता, तर चार दिवसांत सगळ्या ट्रॉल्या लाल दिसतील. कुणाला तुरुंगात घालावं लागणार नाही. आपण वर्षभर काही करत नाही, आणि कुणी मेला की एका पोराला पाच वर्षं द्या म्हणतो.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त राग त्या मालकाचा आला. तुमच्या पत्रात तो फक्त चार लाखांपुरता येतो. ट्रॉली कुणाची? रिफ्लेक्टर लावायचा खर्च कुणाचा? दोन ट्रॉल्या ठासून भरून रात्रीच्या रात्री खेप टाक असं कुणी सांगितलं? वाहनात दोष आहे हे माहीत असून ते रस्त्यावर आणू देणाऱ्यालाही मोटार वाहन कायदा मोकळं सोडत नाही. चार्जशीटमध्ये मालकाचं नाव आहे का, हे सरकारी वकिलांना विचारा. नसेल तरी साक्षीपुराव्यात त्याचा हात दिसला तर कोर्ट त्याला आरोपी म्हणून बोलवू शकतं. दिरांनी पाहिलं तेवढंच सांगावं, पण ते सगळं सांगावं: दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, दगड नव्हते, आणि जवळ कुणी माणूस उभा होता की नव्हता तेही.

तुम्ही नंदगडकडच्या आहात, म्हणून हे लिहायचा मोह आवरत नाही. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला कंपनी सरकारनं १८३१ साली तुमच्याच गावाजवळ वडाच्या झाडाला फाशी दिली. हेतू उघड होता, कित्तूरच्या मुलखाला धाक बसावा. आज त्या जागेला लोक हात जोडतात, कन्नड बोलणारेही आणि मराठी बोलणारेही. सीमालढ्यात सत्याग्रह करून हिंडलग्याच्या तुरुंगात गेलेल्यांना आपण हार घालून घरी आणलं. म्हणजे भिंती त्याच, दोर तोच, पण जिथं लोकांना शिक्षा न्यायाची वाटली नाही तिथं तिनं धाकही बसवला नाही आणि लाजही आणली नाही. तुमच्या केसमध्ये एकटा चालक आत गेला आणि मालक नव्या पोराला स्टिअरिंगवर बसवून तीच ट्रॉली तशीच पुढच्या हंगामात घेऊन निघाला, तर सगळा तालुका त्यातून काय घेईल? गरीब सापडला, एवढंच. ट्रॉलीमागे दिवा लावायचा असतो हे कुणी घेणार नाही.

आणि तो पोरगा. त्याची चूक आहेच. पंक्चर झाल्यावर दोन दगड आणि एक हिरवी फांदी टाकायला पाच मिनिटं लागत नाहीत. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा व्हायला हवी, असं मी स्पष्ट म्हणते. किती, याचा अंदाज असावा म्हणून सांगते. कायद्यात ५ वर्षं असली तरी ही केस पहिल्या वर्गाच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि त्यांना ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचीही मुभा आहे. पण रस्त्यावरच्या मृत्यूंत ती सवलत सढळ हातानं देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली एका बसचालकाच्या प्रकरणात बजावलं आहे. काही काळ त्याचं लायसन बंद ठेवण्याचा अधिकारही कोर्टाला आहे, आणि दंडाची रक्कम तुमच्या घराला द्यायला सांगण्याचाही.

नव्या संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे, पण ती किरकोळ गुन्ह्यांपुरती. ती इथं लागू असती तर किती बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. त्या पोराला एक अख्खा हंगाम रोज संध्याकाळी रस्त्यावर उभं करून येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला लावलं असतं. त्यानं जे केलं नाही, तेच त्याच्या हातून करून घेणारी शिक्षा.

हिंडलग्याला मी पक्षकारांना भेटायला पुष्कळदा गेले आहे. आत गेलेला तरुण पोरगा बाहेर येताना कसा येईल, हे आत त्याला काय काम मिळतं, शेजारी कोण असतं आणि घरून कुणी भेटायला येतं की नाही, यावर ठरताना मी पाहिलं. काही शांत होऊन आले. काही असे आले की त्यांच्या आईलाही ओळखू येईनात. म्हणून शिक्षेचं ओझं द्यावं, पण माणूस मोडावा इतकं देऊ नये, असं माझं मत बनलं. हे काही माझं एकटीचं खूळ नाही. इथून फार लांब नाही, अथणीच्या पलीकडे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या संस्थानानं १९३९ साली तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैदी बायकापोरांसह राहायचे आणि शेती करायचे. त्यांत खुनाचे गुन्हेगारही होते. दुष्काळी माळावर, परक्या राजवटीच्या काळात, एका छोट्या संस्थानिकाला माणूस बदलतो असा भरवसा वाटला होता.

आता तुमच्या मूळ अडचणीवर येते. तुम्ही दोन गोष्टी एकात बांधून बसलात, म्हणून झोप नाही. तुम्हाला वाटतंय, त्या आईवर दया करायची तर दिरांनी खोटं बोलायला हवं, आणि खरं बोलायचं तर दयेचं दार लावून घ्यायला हवं. तसं नाही. काय घडलं हे खरं सांगायचं की नाही, हे ठरवणं तुमच्या हातात नाही, ते गेलेल्याचं देणं आहे, त्यात घासाघीस करू नका. किती शिक्षा व्हावी याबद्दल मात्र तुमच्या मनात काय आहे, ते तुमचं. गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षा किती द्यायची हे वेगळं ऐकलं जातं. कायद्यानं तुम्हीही या केसमधल्या पीडित आहात. सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी तुम्ही मागू शकता आणि त्याच्याकरवी कोर्टाला तुमचं म्हणणं सांगू शकता. तेव्हा तुम्हाला वाटलं की या पोरानं खरं कबूल केलं, त्याला पश्चात्ताप आहे, त्याला फार वर्षं नकोत, तर तसं सांगा. वाटलं की नको, जे व्हायचं ते पुरतं होऊ दे, तर तेही सांगा. दोन्हींत तुमचं काही चुकणार नाही. क्षमा करायलाच हवी असं तुम्हाला कुणी, मीसुद्धा, सांगू शकत नाही. वर्षश्राद्धही व्हायचं आहे. घाई कसली?

वकिलाच्या पैशाची काळजी नको. बाईमाणसाला, उत्पन्न किती का असेना, सरकारकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. खानापूर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. दिरांना सांगा, साक्ष मराठीत देता येते. कागदावर ती कोर्टाच्या भाषेत उतरेल, पण उतरलेली साक्ष त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवी. पायाचं दुखणं असेल तर बसून साक्ष देऊ द्या म्हणून साहेबांना विचारावं, नाही म्हणत नाहीत. पोलिसांनी कन्नडात लिहून घेतलेला जबाब तारखेच्या आधी सरकारी वकिलांकडून समजून घ्या. काही चुकीचं उतरलं असेल तर उलटतपासात दिरांची त्रेधा उडायला नको. आणि मालकाची माणसं पुन्हा आली तर दारातूनच परत पाठवा, ती काय म्हणाली ते तारीख घालून वहीत लिहा आणि सरकारी वकिलांच्या कानावर घाला.

मुलाला काय सांगायचं? तो चौदाचा आहे, खरं सांगा. फाशी नाही, म्हणावं. फाशी खुनालासुद्धा क्वचित होते. अगदी विरळातल्या विरळ प्रकरणातच ती द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच ठरवून दिलंय. आणि हा खून नाही. त्या माणसानं तुझ्या बाबांना मारायचं ठरवलं नव्हतं, त्यानं एक साधं काम टाळलं आणि त्यात बाबा गेले. ठरवून मारणारा आणि हयगय करणारा, दोघांना कायदा एका तराजूत घालत नाही, कारण तसं केलं तर माणसाच्या मनाचा विचारच उरला नाही. मुलाला हे एकदम पटणार नाही. तो चिडेल, चिडू द्या. जमलं तर एखाद्या तारखेला त्याला बरोबर न्या. कुणीतरी शांतपणे, ओरडाआरडा न करता, त्याच्या बाबांबद्दल चौकशी करतंय, माणसं उभी राहून उत्तरं देताहेत, हे त्याला बघू द्या.

राहिली ती आई. तुम्ही तिला उठवून पाणी दिलं की नाही ते लिहिलं नाहीत, पण दिलं असणार असं मी धरून चालते. ती पुन्हा येईल. शेजारचं कुणी कन्नड जाणणारं बोलावून घ्या, शाळेत जाणारं पोरही चालेल. तिला सांगा की माझ्या मनात तुझ्या पोराला गाडायचं नाही. पण माझा दीर खोटं बोलणार नाही, आणि तुझ्या पोरानंही बोलू नये. मालकानं काय सांगितलं होतं, ट्रॉलीला दिवा का नव्हता, हे त्यानं आपल्या वकिलाला विचारून, पण खरंखरं, कोर्टात सांगावं. त्यात त्याचंच ओझं थोडं हलकं व्हायची वाट आहे, कारण आज ते सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर दिलंय.

आणि दुभाषी कुणी नाहीच सापडलं, तर दोन शब्द पुरतील. आपल्या इकडच्या कन्नडात खऱ्याला ‘खरे’च म्हणतात. तिचा हात धरा आणि म्हणा, ‘खरे हेळ’, खरं सांग. तिला कळेल.

तुमची,
वकीलबाई